स्की जंपिंग २०२४-२५ : आठ उड्यांत एक मीटरही फरक नाही, आणि मग ट्रॉन्डहाइम

उत्तरवारा

स्लोव्हेनियात प्लानित्साची शेवटची स्पर्धा झाली, सीझन संपला, आणि आता रविवारी संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न आहे. म्हणून म्हटलं धागा काढूया, कारण इथे दोन-चार जण तरी हा खेळ बघणारे आहेत हे मला गेल्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या धाग्यावरून माहितीय, आणि ज्यांनी कधी बघितला नाही त्यांनीही वाचावं असा हा सीझन होता.

आधी मुख्य निकाल सांगतो. वर्ल्ड कपचा क्रिस्टल ग्लोब, म्हणजे सीझनभराच्या विजेत्याचा चषक, ऑस्ट्रियाच्या डॅनियल चोफेनिगला, वय २३. दुसरा यान हॉर्ल, तिसरा श्टेफान क्राफ्ट, तिघंही ऑस्ट्रियाचे. बायकांत स्लोव्हेनियाची निका प्रेव्हत्स, सलग दुसऱ्या वर्षी. वर्ल्ड चॅम्पियनशिप नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला झाली आणि तिथे जे झालं त्यावर खाली बोलणारच आहे. आणि अगदी शेवटच्या दिवशी, ३० मार्चला, निकाचा भाऊ डोमेन प्लानित्साला २५४.५ मीटर उडाला. हा नवा जागतिक विक्रम. आधीचा क्राफ्टचा होता, २५३.५, नॉर्वेत व्हिकरसुंडला २०१७ साली केलेला. आठ वर्षं टिकला तो.

पण मला जे लिहायचंय ते फोर हिल्सबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा, चार टेकड्या, दोन जर्मनीत, दोन ऑस्ट्रियात. ओबर्स्टडॉर्फ, मग १ जानेवारीला गार्मिश, मग इन्सब्रुक, आणि ६ जानेवारीला बिशोफ्सहोफेन. प्रत्येक ठिकाणी दोन उड्या, म्हणजे एकूण आठ, सगळ्यांचे गुण एकत्र करायचे. जिंकणाऱ्याला सोनेरी गरुड मिळतो. या वर्षी ओबर्स्टडॉर्फ क्राफ्टने घेतलं, गार्मिश चोफेनिगने, इन्सब्रुक परत क्राफ्टने. शेवटच्या टेकडीवर आले तेव्हा क्राफ्ट पुढे, हॉर्ल त्याच्या ०.६ मागे आणि चोफेनिग १.३ मागे. सहा उड्या मारून झाल्यावर तीन माणसं दीड गुणाच्या आत!! आणि तिघंही एकाच टीमची, एकाच हॉटेलात राहणारी, सकाळी एकत्र नाश्ता करणारी.

आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते सुरू झालं तेव्हा. दुसऱ्या फेरीत चोफेनिगने जबरदस्त उडी मारली आणि पुढे गेला. क्राफ्ट सगळ्यात शेवटी. आणि तो सुरुवातीच्या बारवर बसला तेव्हा नेमका वारा फिरला. मग लाल दिवा. वर, थंडीत, त्या लोखंडी बारवर तो बसून राहिला, परत उठला, परत बसला, मिनिटं चालली होती. खाली सगळं स्टेडियम ऑस्ट्रियाचं, तरी कोणाला कळेना ओरडायचं कोणासाठी. शेवटी हिरवा लागला, उडाला, उडी चांगली पडली पण पुरली नाही. चोफेनिग पहिला, हॉर्ल १.४ गुणांनी दुसरा, क्राफ्ट तिसरा.

१.४ गुण म्हणजे किती ते बघा. मोठ्या टेकडीवर एका मीटरला १.८ गुण असतात. म्हणजे आठ उड्या मिळून, जवळजवळ एक किलोमीटर हवेत काढल्यावर, पहिल्यात आणि दुसऱ्यात एक मीटरचाही फरक नाही. हे डोक्यात ठेवूनच ट्रॉन्डहाइमकडे बघायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. जिथे गरुड एका मीटरच्या आतबाहेर जातो तिथे सूटमध्ये चोरून घातलेला दोरा ही छोटी गोष्ट नाही.

अबोली

छान लिहिलंय, मी हा खेळ फक्त रील्समध्ये बघितलाय, माणूस उतारावरून येतो आणि उडतो एवढंच. दोन प्रश्न. एक, जो लांब उडेल तो जिंकेल असं साधं का नाही, गुण कशाला? आणि दुसरं, ट्रॉन्डहाइमला झालं काय नक्की? तुम्ही सगळे माहीत असल्यासारखं बोलताय.

उत्तरवारा

@अबोली, पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसऱ्यावर दुर्बीण किंवा म्युनिकस्थ नीट लिहितील.

प्रत्येक टेकडीवर एक के पॉइंट असतो, समजा १२५ मीटर. तिथपर्यंत पोचलात की ६० गुण. त्यापुढे प्रत्येक मीटरला १.८ अधिक, अलीकडे पडलात तर तेवढेच वजा. म्हणजे १३५ मीटर उडी = ६० + १८ = ७८. मग पाच परीक्षक असतात, प्रत्येकाकडे २० गुण, हवेत शरीर किती स्थिर, स्की कशा धरल्या, आणि लँडिंग टेलिमार्क आहे का, म्हणजे एक पाय पुढे एक मागे, गुडघे वाकवून. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी देणाऱ्याचे काढून टाकतात, मधले तीन धरतात. समजा तिघांनी १८.५ दिले तर ५५.५. झाले १३३.५.

आता खरी गंमत. समोरून वारा आला तर तो उचलतो, म्हणून समोरच्या वाऱ्याला गुण कापतात आणि मागून वारा असेल तर गुण देतात. टेकडीच्या कडेने वारा मोजायची यंत्रं लावलेली असतात. आणि ज्युरी सुरुवातीचा बार, म्हणजे गेट, खालीवर करू शकते, खालून निघालात तर वेग कमी मिळतो म्हणून त्याचेही गुण. कधीकधी कोच स्वतःहूनच आपल्या माणसासाठी गेट खाली मागतो, म्हणजे वेग कमी पण बोनस गुण, पण त्यासाठी हिल साइझच्या, म्हणजे त्या टेकडीच्या ठरलेल्या मापाच्या, ९५ टक्के तरी उडावं लागतं, नाहीतर बोनस गेला. मोठा जुगार आहे तो.

फ्लाइंग हिल, म्हणजे सगळ्यात मोठ्या टेकड्या, त्यांचं वेगळं, तिथे मीटरला १.२ गुणच. प्लानित्सा, व्हिकरसुंड ह्या फ्लाइंग हिल.

म्युनिकस्थ

धाग्याबद्दल आभार उत्तरवारा, मी वाटच बघत होतो कोणीतरी काढेल याची.

मी गार्मिशला होतो १ जानेवारीला. म्युनिकहून सकाळी रेल्वे, साधारण दीड तास लागतो, डब्यात निम्मे लोक झेंडे आणि घंटा घेऊन. गार्मिशचा इनरन, म्हणजे ज्या उतारावरून घसरत येतात तो, ज्यांनी फोटोत बघितला नसेल त्यांनी नक्की बघा, तो नवा स्टीलचा, पुढे अधांतरी झुकलेला, खालून बघितलं की त्याला आधार कुठे आहे तेच कळत नाही. टीव्हीवर जे अजिबात कळत नाही ते म्हणजे आवाज. ट्रॅकवरून येताना स्कीचा घर्रर्र असा आवाज येतो, टेबलच्या, म्हणजे जिथून उडी घेतात त्या भागाच्या, टोकाला तो एकदम बंद होतो, आणि मग तुमच्या डोक्यावरून माणूस जाताना फक्त कापडाचा फडफडाट ऐकू येतो. वेग ताशी ९० च्या आसपास असतो हे वाचून माहीत होतं पण तिथे उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो. आणि सगळं पब्लिक एका सुरात "त्सीऽऽऽऽ" करून ओरडतं, उडणाऱ्याला जणू पुढे ओढतायत.

शिवाय तिथे नॉकआउट असतो, फक्त फोर हिल्समध्येच. ५० जण, २५ जोड्या, जोडीतला जिंकणारा पुढे, आणि हरलेल्यांपैकी सगळ्यात चांगले पाच पुढे. जोड्या आदल्या दिवशीच्या क्वालिफिकेशनवरून लागतात, पहिला विरुद्ध पन्नासावा असं. त्यामुळे पहिल्या फेरीतसुद्धा कोणी निवांत नसतं.

चोफेनिगने तिथे जिंकलं तेव्हा माझ्या शेजारी एक जर्मन आजोबा होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाले, आमचा हानावाल्ड जिंकला होता तेव्हापासून मी दर वर्षी येतोय. हानावाल्डने २००१-०२ ला चारही टेकड्या जिंकल्या होत्या, असं करणारा तो पहिला. त्यानंतर जर्मनीकडे गरुड गेलाच नाही अजून. जर्मनीच्या पाश्केने या वर्षी डिसेंबरमध्ये जी आशा लावली होती ना तिथल्या लोकांना, बापरे.

दुर्बीण

ट्रॉन्डहाइम.

आधी सूट काय असतो ते. हा काही नुसता चिकट बसणारा ड्रेस नव्हे. फोम आणि कापडाचे थर एकत्र चिकटवलेले, जाडी ४ ते ६ मिलिमीटर, आणि कापडातून हवा किती आरपार गेली पाहिजे याचाही नियम आहे. हवा कमी आरपार गेली तर सूट पाल बनतो. अंगाला किती सैल असावा तेही मोजतात, काही सेंटीमीटरच मोकळीक. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दोन पायांमधली, क्रॉच. हवेत माणूस पाय फाकवून व्ही आकारात झोपलेला असतो, तेव्हा मांड्यांच्या मधलं कापड जितकं खाली आणि जितकं ताठ, तितकी जास्त हवा अडवली जाते. पावसात छत्री वाऱ्याकडे तोंड करून धरली की हात कसा ओढला जातो, ते आठवा.

आता सूट स्पर्धेआधी तपासून त्यात चिप बसवलेल्या असतात, म्हणजे तपासलेला सूट आणि घातलेला सूट एकच आहे हे कळावं म्हणून. ट्रॉन्डहाइमला ८ मार्चला पुरुषांची मोठ्या टेकडीची स्पर्धा होती. त्याआधी एक व्हिडिओ बाहेर आला, पडद्याआडून कोणीतरी चोरून काढलेला, त्यात नॉर्वेच्या टीमच्या खोलीत सूटवर शिलाई चालू होती. स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया, पोलंड यांनी तक्रार केली. स्पर्धेनंतर सूट उसवून बघितले. क्रॉचच्या शिवणीत जास्त ताठ दोरा घातलेला सापडला. नॉर्वेचा लिंडविक दुसरा आला होता, त्याचं रौप्य गेलं. त्यांचाच फोरफांग पाचवा, तोही बाद.

म्हणजे निकाल असा झाला: डोमेन प्रेव्हत्स सुवर्ण, हॉर्ल रौप्य, जपानचा कोबायाशी कांस्य.

दुसऱ्या दिवशी नॉर्वेनेच कबूल केलं की हो, मुद्दाम केलं. मुख्य कोच ब्रेव्हिक आणि सूट बघणारा लिव्हेल्टेन यांना बाजूला केलं. एफआयएसने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, पुढे आणखी काही जंपर्सनाही तात्पुरतं निलंबित केलं.

आणि हे कुठे झालं? नॉर्वेत. जिथे हा खेळ जन्मला, स्वतःच्या घरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर.

घाटमाथा

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कोणी.

सूटशी खेळणं ही काही नॉर्वेने काल शोधलेली गोष्ट नाही. दर टीमबरोबर शिलाई मशीन आणि शिवणारा माणूस फिरतो, हे उघड आहे. दर सीझनला कितीतरी जण सूटमुळे बाद होतात, कधी क्रॉच खाली, कधी कंबर सैल. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला मिक्स टीममध्ये पाच मुली एकाच दिवशी बाद झाल्या, जर्मनीची, ऑस्ट्रियाची, जपानची, नॉर्वेच्या दोन. आठवतंय? सारा ताकानाशी कशी रडत होती. तेव्हा सगळे म्हणत होते की तपासणीची पद्धतच बदलली अचानक. म्हणजे हा नियम असा आहे की सगळेच सीमेवर उभे असतात, आणि एखादा जास्त पुढे गेला की बाकीचे साधू. माझं म्हणणं एवढंच की चूक सिस्टिमची आहे. मोजायची पद्धत इतकी ढिसाळ की पडद्याआडून व्हिडिओ काढावा लागला, तपासणाऱ्यांना सापडलं नाही.

उत्तरवारा

घाटमाथा, राग कसला, पण मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो.

सूट दोन सेंटीमीटर सैल शिवणं आणि तपासणी झाल्यावर, चिप बसल्यावर, रात्री खोलीत बसून शिवण उसवून आत दुसरा दोरा घालणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तुम्ही नियमाच्या कडेवर चालता, सापडलात तर बाद, दुसऱ्या दिवशी परत. दुसऱ्यात तुम्ही तपासणीलाच फसवता. बीजिंगच्या मुलींनी कोणाला फसवलं नव्हतं, त्यांना एका वेगळ्या पद्धतीने मोजलं गेलं. त्यांची तुलना ह्यांच्याशी करणं त्या मुलींवर अन्याय आहे.

आणि मी वर जे लिहिलं त्याकडे परत येतो. हॉर्ल. तो माणूस फोर हिल्स १.४ ने हरला. ट्रॉन्डहाइमला तो आधी तिसरा लागला होता, मग दुसरा झाला. बिशोफ्सहोफेनला त्याला त्याच्याच टीममधल्या मुलाने हरवलं आणि ते त्याने मान्य केलं, कारण तो एक मीटर हवेतला होता, खरा होता. ट्रॉन्डहाइमला त्याच्या पुढे जो उभा होता त्याचा एक मीटर शिवणीतला होता. आणि कोबायाशी तर स्टेजवर उभाच राहिला नव्हता त्या दिवशी. व्यासपीठ, फुलं, प्रेक्षक, ते परत मिळत नाही, नंतर नुसतं पदक येतं हातात.

तपासणी ढिसाळ आहे हे मात्र शंभर टक्के खरं.

रानवाटा

मला लिंडविकचं वाईट वाटतं. तो म्हणतोय की मला काही माहीत नव्हतं, फोरफांगही तेच म्हणतोय. माणूस वर बारवर बसतो तेव्हा त्याला टीमने दिलेला सूट घालायचा असतो, तो शिवण उसवून बघणार आहे का? त्याने २ मार्चला छोट्या टेकडीवर सुवर्ण घेतलं होतं, जर्मनीचा वेलिंगर दुसरा, हॉर्ल तिसरा. आता त्या सुवर्णाकडेही लोक बोट दाखवतात. ते पदक त्याच्याकडेच राहिलंय, पण तो जन्मभर उत्तरं देत बसणार.

दुर्बीण

रानवाटा, ह्या एका मुद्द्यावर मी कुंपणावर आहे. ह्या मुलांना सूट अंगात घातला की अर्धा सेंटीमीटर फरक कळतो, ते वर्षाला किती सूट वापरतात, त्यांचा सगळा खेळच त्या स्पर्शावर आहे. पण पुरावा नाही तोवर त्यांना खोटारडं म्हणणं मला जमणार नाही. कोचचं मात्र काहीही समर्थन होऊ शकत नाही.

आणि त्यानंतर एफआयएसने जे केलं ते बघा: उरलेल्या सीझनसाठी एका जंपरला एकच सूट, आणि तो स्पर्धा संपली की एफआयएसच्या ताब्यात. म्हणजे करता येत होतं की! आधी का नाही केलं?

अबोली

बरं आता कळलं सगळं. कालपासून मी जुने व्हिडिओ बघतेय, नवऱ्याने विचारलं काय चाललंय. बिशोफ्सहोफेनची क्राफ्टची वाट बघणारी उडी पण बघितली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, फक्त ग्लोव्हज चोळत होता.

बायकांच्या स्पर्धेबद्दल कोणी लिहिणार का? फोर हिल्स बायकांसाठी पण असतं का?

म्युनिकस्थ

अबोलीताई, नसतं. आणि यावर मला खरंच संताप येतो.

बायकांना गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फ ह्या दोनच टेकड्या, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी, "टू नाइट्स टूर" नावाने. इन्सब्रुक नाही, बिशोफ्सहोफेन नाही. वर्षानुवर्षं सांगतायत पुढच्या वेळी, पुढच्या वेळी.

आता ह्या वर्षीचं ऐका. गार्मिशला जर्मनीच्या सेलिना फ्राइटागने क्वालिफिकेशन जिंकलं. बक्षीस काय मिळालं तर एक पिशवी, त्यात शॅम्पू, शॉवर जेल आणि चार छोटे टॉवेल. पुरुषांत क्वालिफिकेशन जिंकणाऱ्याला ३००० स्विस फ्रँक मिळतात. तीच टेकडी, तेच स्टेडियम. तिने ते स्वतः सांगितलं तेव्हा इथल्या सगळ्या पेपरांत आलं. आणि फोर हिल्सच्या पुरुष विजेत्याला एक लाख फ्रँक असतात हे शेजारी ठेवा.

ही तीच सेलिना जी दोन महिन्यांनी ट्रॉन्डहाइमला दोन वैयक्तिक रौप्य घेऊन आली. जगात दुसरी, दोन्ही टेकड्यांवर. आणि तिला टॉवेल.

अबोली

चार टॉवेल!! मला विश्वासच बसत नाहीये. ते ठेवायचं ठरवणाऱ्या माणसाला हातात देताना काही वाटलं नसेल?

आणि पहिली कोण होती दोन्ही टेकड्यांवर?

साखरझोप

पहिली निका प्रेव्हत्स, दोन्हीकडे. इथे मी येणार होतोच, प्रेव्हत्स घराण्याबद्दल लिहायला.

स्लोव्हेनियात झेलेझ्निकीजवळ डोलेन्या वास म्हणून छोटं गाव आहे. तिथलं हे कुटुंब. पाच भावंडं. सगळ्यात मोठा पेटर, २०१५-१६ च्या सीझनमध्ये त्याने १५ वर्ल्ड कप स्पर्धा जिंकल्या, पुरुषांत तोवर एका सीझनमध्ये इतक्या कोणीच जिंकल्या नव्हत्या. त्याच वर्षी फोर हिल्स पण, स्की फ्लाइंगचं जगज्जेतेपद पण. २५० मीटरवर पहिल्यांदा उतरणारा पण तोच, व्हिकरसुंडला २०१५ च्या फेब्रुवारीत. मधला भाऊ त्सेने, त्याच्याकडे ऑलिंपिकचं टीम रौप्य. मग डोमेन. मग निका, २००५ चा जन्म. पेटर मार्च २०२४ ला प्लानित्सालाच निवृत्त झाला, घरच्या लोकांसमोर.

डोमेनचं सांगतो कारण त्याच्याबद्दल मला फार वाटतं. तो सोळा वर्षांचा असताना आला आणि सतराव्या वर्षी जिंकायला लागला, सगळे म्हणाले हा पेटरपेक्षा मोठा होणार. त्याची उडायची पद्धत बघितली तर छाती धडधडते, डोकं इतकं पुढे की स्कीच्या टोकांच्या मध्ये जाईल की काय, बाकी कोणी असं झोपत नाही. मग ते सगळं बिघडलं. वर्षानुवर्षं नुसतं खालीवर, भावाशी तुलना, लोक म्हणायला लागले की संपला. आणि ह्या मार्चमध्ये बघा काय झालं. ७ मार्चला निका मोठ्या टेकडीवर जगज्जेती. ८ मार्चला डोमेन मोठ्या टेकडीवर जगज्जेता. एकाच टेकडीवर बहीण-भाऊ, लागोपाठ दोन दिवस. त्याआधी ६ ला स्लोव्हेनियाने टीमचं सुवर्ण घेतलं, त्यातही डोमेन.

मग १४ मार्चला व्हिकरसुंडला निका २३६ मीटर उडाली, बायकांचा जागतिक विक्रम. आधीचा नॉर्वेच्या सिल्ये ओप्सेटचा २३०.५ होता, त्याच टेकडीवर, आदल्याच वर्षीचा. आणि ३० मार्चला डोमेन २५४.५. म्हणजे २०२५ चा हा सीझन संपला तेव्हा पुरुषांचा आणि बायकांचा दोन्ही जागतिक विक्रम एकाच घरात होते!

ती २५४.५ ची उडी मी कितीतरी वेळा बघितली. प्लानित्साची टेकडी गोरिशेक बंधूंच्या नावाने आहे, त्यांनीच ती आखली. टेबल सोडल्यावर पहिल्या काही क्षणांत तो इतका वर नाही जात, सपाट जातो, आणि मग टेकडीचा उतार त्याच्या खालून निघून जातो पण हा खाली येतच नाही. आठेक सेकंद हवेत. पहिला यायला लागणाऱ्या अंतराची हिरवी रेष मागे पडते, मग विक्रमाची, आणि खाली सपाटी सुरू व्हायच्या जवळ तो पाय टेकवतो. तिथे उतरताना गुडघ्यांवर काय येत असेल ते त्यालाच माहीत. तिथले लोक तर वेडेच झाले होते, सगळा निळा-पांढरा-लाल समुद्र.

शिलेदार७

+१ साखरझोप. प्लानित्सा म्हणजे ह्या खेळाचं घरच आहे. १९३६ ला ब्राडल तिथेच पहिल्यांदा १०० मीटरच्या पुढे गेला, १९९४ ला निएमिनेन तिथेच २०० च्या पुढे.

ते आइसलँडचं २९१ मीटर धरत नाहीत का मग? रियोयू कोबायाशीचं?

दुर्बीण

नाही धरत. ती एप्रिल २०२४ मध्ये आकुरेरीजवळ रेड बुलने खास बनवलेल्या टेकडीवर मारलेली उडी होती, स्पर्धा नव्हती, एफआयएसची टेकडी नव्हती. अचाट होतं ते, पण अधिकृत विक्रम स्पर्धेतलाच.

कोबायाशीचा विषय निघालाय तर, त्याचा हा सीझन सुरुवातीला फारच वाईट गेला. आदल्या वर्षी त्याने फोर हिल्स जिंकलं तेसुद्धा एकही टेकडी न जिंकता, चारही ठिकाणी दुसरा येऊन. यंदा तो दिसतच नव्हता. मग फेब्रुवारीत साप्पोरोला, स्वतःच्या देशात, दोन्ही दिवस जिंकला. आणि मग ट्रॉन्डहाइमचं कांस्य, जे त्याला वर उत्तरवारांनी लिहिल्याप्रमाणे नंतर मिळालं.

आणि पिउस पाश्के, त्याचं नाव म्युनिकस्थ यांनी घेतलं. वय ३४. ह्या वयात बहुतेक जण कॉमेंट्री करत असतात. त्याची पहिली वर्ल्ड कप जीत ३३ व्या वर्षी, एंगेलबर्गला डिसेंबर २०२३ मध्ये. आणि यंदा डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाच स्पर्धा जिंकून, वर्ल्ड कपमध्ये पहिल्या नंबरवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घालून फिरत होता. मग फोर हिल्स आलं आणि फॉर्म हळूहळू हातातून गेला. पण ते तीन आठवडे, जर्मनीत प्रत्येक घरात टीव्ही लागला असेल. इतक्या वर्षांची मेहनत आहे त्यामागे, मला तो ह्या सीझनचा सगळ्यात आवडता माणूस.

म्युनिकस्थ

हो दुर्बीण, टिटिसे-नॉयश्टाटला तो जिंकला तेव्हा ऑफिसात सोमवारी दुसरा विषय नव्हता.

घाटमाथा

उत्तरवारा, तुमचं वरचं बीजिंगचं उत्तर वाचलं. फसवणूक आणि कडेवर चालणं वेगळं, ठीक. पण मी अजूनही म्हणेन की एकच सूट, एफआयएसच्या ताब्यात, हाच कायमचा नियम असायला पाहिजे, फक्त मार्चपुरता नव्हे. स्कीची लांबी बघा, तिथे कसं पक्कं आहे. उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंत स्की, पण वजन कमी असेल तर स्की छोटी करावी लागते. तो नियम आणला कारण मुलं उपाशी राहून हाडं व्हायला लागली होती. तिथे कोणी पळवाट काढत नाही कारण वजनकाटा आणि मोजपट्टी दोन्ही समोर असतात. सूटलाही तसंच करा.

उत्तरवारा

ह्यावर आपलं एकमत आहे घाटमाथा. १.४ गुणांनी हरलेल्या माणसाला एवढी खात्री तरी मिळालीच पाहिजे की समोरच्याचं कापड त्याच्यासारखंच आहे.

रानवाटा

(धागा वर काढतोय, ऑगस्ट २०२५ आहे)

बातमी: लिंडविक आणि फोरफांग दोघांनी तीन-तीन महिन्यांची बंदी मान्य केली. मार्चपासून जे दिवस बाहेर होते ते त्यात धरलेत, म्हणजे ऑलिंपिकच्या सीझनमध्ये दोघं उडू शकतील. त्यांनी मुद्दाम केलं असं म्हटलेलं नाही, पण सूटबद्दल विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही असा मुद्दा आहे. कोच आणि सूटवाल्यांचं प्रकरण वेगळं चालू आहे.

मला हे बरोबर वाटतं. पूर्ण मोकळं सोडलं नाही आणि आयुष्यही संपवलं नाही.

दुर्बीण

हो. "विचारलं नाही" हा शब्दप्रयोग नेमका आहे, माझं कुंपणावरचं उत्तर मिळालं. शिवाय येत्या सीझनपासून यलो कार्ड-रेड कार्ड येतंय साहित्याच्या नियमांसाठी. एकदा बाद झालात तर पिवळं, दुसऱ्यांदा लाल आणि पुढच्या स्पर्धेला बाहेर. टीमची जागाही जाते. आता कडेवर चालायला कोच दोनदा विचार करतील.

अबोली

आणि टॉवेलचं काय झालं? बायकांना चार टेकड्या मिळणार का?

म्युनिकस्थ

ह्या हिवाळ्यात तरी नाही ताई, परत गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फच. मी ३१ डिसेंबरचं गार्मिशचं तिकीट काढणार आहे, बायकांच्या दिवसाचं. तुम्ही युरोपात कोणाकडे येणार असाल तर सांगा, अजून तिकिटं असतात त्या दिवशी.